दोन विषप्रकरणे आणि एक साखळी

खुनाचा खटला म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कुणी पाहिले काय?’ पाहणारा असला म्हणजे प्रकरण सोपे, नसला म्हणजे अवघड, अशी आपली साधी समजूत. वास्तविक डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार चुकतो, घाबरतो, पुष्कळदा फितूरही होतो. म्हणून माणसे खोटे बोलतील पण परिस्थिती खोटे बोलणार नाही, असे एक जुने वचन वकीलमंडळी मोठ्या तोऱ्याने सांगत आली आहेत. आम्हांला हे वचन अर्धेच खरे वाटते. परिस्थिती स्वतः काहीच बोलत नाही. तिच्या वतीने बोलतो तो माणूसच. आणि माणसाला गोष्ट रचण्याची हौस फार.

गिरगावातल्या एखाद्या चाळीत ज्याने चार वर्षे काढली आहेत त्याला हे निराळे सांगावयास नको. दुपारी एका खोलीतून भांडणाचा आवाज आला, संध्याकाळी दाराला कुलूप दिसले, रात्री दिवा लागला नाही. एवढ्या तीन गोष्टींवरून दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर एक संपूर्ण कथा उभी राहते. तिच्यात हेतू असतो, खलनायक असतो, आणि मधले जे दुवे मिळत नाहीत ते बोलणाऱ्याच्या कल्पनेने भरून काढलेले असतात. कथा सांगणारी माणसे काही दुष्ट नसतात. त्यांना ती खरीच वाटत असते.

इंग्लंडमध्ये १८३८ साली हॉज नावाच्या एका इसमावर खुनाचा खटला चालला. पुरावा सगळा परिस्थितीचा होता. तेव्हा न्यायाधीश ऑल्डरसन यांनी ज्यूरीला नेमका हाच धोका समजावून दिला. मनाला वेगवेगळ्या घटना एकमेकींत बसवून देण्यात गोडी वाटते, आणि त्या नीट बसत नसल्या तर थोड्या ओढूनताणूनही ते बसवते. माणूस जितका बुद्धिमान तितका हा मोह अधिक, असा त्यांच्या सांगण्याचा इत्यर्थ होता. या इशाऱ्याने पुढे समुद्र ओलांडला. १९५० साली आपले सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले आणि दोनच वर्षांत, सप्टेंबर १९५२ मध्ये, तो तेथील एका निकालात अवतरला. तो निकाल ज्या खटल्यातला, तो आपल्या नागपूरचा. हनुमंत गोविंद नरगुंदकर हे तेथील अबकारी खात्याचे आयुक्त. शिवनीच्या मद्यार्क कारखान्याच्या मक्त्यासंबंधी बनावट कागद केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. एका पत्रावरील तारीख मागची घातली आहे, कारण ज्या टंकयंत्रावर ते पत्र छापले ते यंत्र त्या तारखेस नागपुरात आलेच नव्हते, असा सरकारपक्षाचा दावा होता. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी तो दावा मान्य केला नाही आणि शिक्षा रद्द केली. खुनाचा हा खटला नव्हे. परंतु परिस्थितिजन्य पुराव्याची चर्चा ज्या ज्या खुनाच्या निकालात होते तेथे या नागपूरच्या निकालाचे नाव येतेच.

आता ज्या दोन प्रकरणांसाठी आम्ही हा विषय घेतला त्यांकडे वळू. दोन्ही मुळातली पुण्याची. दोहोंत मृत्यू स्त्रीचा, संशय विषाचा, आणि प्रत्यक्ष पाहणारा कोणीही नाही. पहिल्यात विष सापडले नाही, तरी शिक्षा कायम झाली. दुसऱ्यात विष सापडले, तरी शिक्षा रद्द झाली. एवढे ऐकून ‘हा कसला न्याय!’ असे कोणी म्हटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु तपशिलात शिरल्यावाचून मत बनवू नये.

पहिल्या प्रकरणाचा शेवट आपल्या मुंबईत झाला. लक्ष्मीबाई कर्वे या पुण्याच्या शुक्रवार पेठेतील एक विधवा बाई. पदरी घर, शेअर्स, बँकेत पैसा. आणि शरीराला मधुमेहाची व्याधी. डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांच्या घरातले भाडेकरू आणि त्यांचे डॉक्टरही. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईतील एका तज्ज्ञाला प्रकृती दाखवावी म्हणून दोघे पॅसेंजर गाडीने पुण्याहून निघाले. १३ तारखेस पहाटे पाचच्या सुमारास गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना जवळच्याच गोकुळदास तेजपाल रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला जी. टी. म्हणतो तेथे नेले. पावणेसहाला बाई दाखल झाल्या आणि त्याच दिवशी सकाळी साडेअकराला, शुद्धीवर न येता, वारल्या.

रुग्णालयाच्या कागदावर या बाईचे नाव काय लिहिले गेले? ‘इंदुमती पानशे’. ते नाव डॉक्टरांनी सांगितले. जिला वर्षानुवर्षे औषध दिले, जिच्या घरात बिऱ्हाड केले, तिचे नाव त्यांनी खोटे सांगितले, आणि आपली तिची ओळख गाडीतली, असे भासवले. तिच्या मुलांना, आप्तांना त्यांनी एका शब्दाने कळवले नाही. मृतदेह बेवारशी म्हणून पडून राहिला, ग्रँट मेडिकल कॉलेजात पोहोचला, आणि शवविच्छेदन झाले ते दहा दिवसांनी, २३ नोव्हेंबरला. त्यात मृत्यूचे निश्चित कारण हाती लागले नाही. रासायनिक विश्लेषकाला अवयवांत विष मिळाले नाही. मधुमेहाच्या बेशुद्धीने मरण, असा शेरा कागदावर राहिला.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाई जणू जिवंतच होत्या! त्या तीर्थयात्रेला गेल्या, मग जयपूरकडे राठोडी गावी जोशी नावाच्या कोणा गृहस्थाशी त्यांनी विवाह केला, आता त्या परत येणार नाहीत, अशी त्यांच्या नावाची पत्रे येऊ लागली. कोऱ्या कागदावरील सह्यांचा आणि बनावट सह्यांचा आधार घेऊन त्यांचे शेअर्स, बँकेतले पैसे, घरातले सामान डॉक्टरांच्या हाती गेले. आप्तेष्टांचा संशय बळावत गेला, तक्रारी झाल्या, आणि अखेर १९५८ साली डॉ. लागू यांना अटक झाली.

पुण्याच्या सेशन कोर्टाने फाशी सांगितली, मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचा आहे. विषाचा खून सिद्ध करावयाचा तर मृत्यू विषाने झाला, विष आरोपीजवळ होते, आणि ते देण्याची संधी त्याला होती, हे तीन मुद्दे सरकारपक्षाने दाखवावे लागतात. पण गुन्हेगार स्वतः डॉक्टर असला, त्याने सहज न सापडणारे विष निवडले आणि प्रेत सडेपर्यंत त्याची ओळखच लपवून ठेवली, तर त्याच्याच चातुर्याचा लाभ त्याला द्यावा काय? न्यायमूर्तींनी नाही म्हटले. मधुमेहाची बेशुद्धी हे कारण वैद्यकीय पुराव्याशी जुळत नाही असे ठरवून, त्यांनी आरोपीची सगळी वागणूक तोलली. आमच्या मते तीत एकच गोष्ट निर्णायक आहे. खोटे नाव दिले गेले तेव्हा बाई जिवंत होत्या. जी बाई वाचेल असे वाटते, तिचे नाव तिच्या डॉक्टराने का लपवावे?

तथापि त्या पीठावरचे तिसरे न्यायमूर्ती, ए. के. सरकार, यांना हे पटले नाही. त्यांनी भिन्न मत नोंदवले. हा मनुष्य लबाड आहे, बाईची मालमत्ता त्याने गिळली, हे सारे खरे. पण बाईचा मृत्यू नैसर्गिक असून त्याने त्या संधीचा फायदा घेतला असणे अशक्य नाही, आणि अफरातफर करणारा म्हणजे खुनी नव्हे, असा त्यांचा रोख होता. आमचा स्वतःचा कल बहुमताकडे आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण हे भिन्न मत वाचल्यावर थोडी अस्वस्थता मागे राहते. देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयात तिघांपैकी एका अनुभवी न्यायाधीशाला खून सिद्ध झाला असे वाटले नाही, आणि शिक्षा मात्र मरणाची होती.

पंचवीस वर्षांनी दुसरे प्रकरण त्याच न्यायालयात उभे राहिले. कायद्याच्या पुस्तकांत ते ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने प्रसिद्ध आहे. बीडची एक मुलगी ११ फेब्रुवारी १९८२ रोजी लग्न होऊन पुण्यास आली. नवरा शिकलेला, रासायनिक अभियंता. चार महिने झाले आणि १२ जूनच्या सकाळी ती आपल्या खोलीत मृत आढळली. पोटॅशियम सायनाइडने मृत्यू, असे शवविच्छेदनातून निष्पन्न झाले. येथे विषाविषयी शंका नव्हती. शंका एवढीच की ते दिले कोणी? नवऱ्याने दिले, की तिने आपल्या हाताने घेतले?

मुलीने मृत्यूपूर्वी बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. माहेरी गेली असता तिने आपली व्यथा बोलूनही दाखवली होती. सासरी मन लागत नाही, नवऱ्याचे लक्ष दुसरीकडे आहे, जिवाला भीती वाटते, अशा आशयाचा हा मजकूर. रात्री खोलीत दोघेच, नवऱ्याला रसायनांची माहिती, पत्नीशी वागणूक कोरडी, आणि वर ही पत्रे. पुण्याच्या सेशन कोर्टाने या साऱ्याची साखळी जोडून फाशी दिली. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही, असा आपल्याकडचा नियम आहे. त्याप्रमाणे प्रकरण मुंबईला आले आणि ओव्हलसमोरच्या त्या जुन्या काळ्या दगडी इमारतीत फाशी कायम झाली.

दोन न्यायालयांचे एकमत झाले म्हणजे वस्तुस्थितीच्या प्रश्नात सर्वोच्च न्यायालय सहसा हात घालीत नाही. येथे घातला. न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली, वरदराजन आणि सव्यसाची मुखर्जी यांनी १७ जुलै १९८४ रोजी शिक्षा रद्द केली. तिघांची कारणे सर्वस्वी एक नव्हती. ती पत्रे आणि बोलणे पुराव्यात घ्यावे की नाही यावरच त्यांच्यात मतभेद होता. पण नवऱ्याने खून केला हे संशयापलीकडे सिद्ध झाले नाही, यावर तिघेही येऊन ठेपले.

फझल अली यांच्या निकालपत्रातील एक परिच्छेद आज देशातल्या प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ असतो. परिस्थितिजन्य पुराव्याचे ‘पंचशील’ असे नाव त्यांनीच त्याला दिले. ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढावयाचा ती परिस्थितीच आधी पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. ‘असेल’ आणि ‘असलीच पाहिजे’ यांत कायद्याने मोठे अंतर मानले आहे. सिद्ध झालेल्या गोष्टी केवळ आरोपीच्या अपराधाशीच जुळणाऱ्या असाव्यात. त्यांचे स्वरूप निर्णायक असावे. अपराधाखेरीज दुसरा कोणताही संभवनीय अर्थ त्यांतून निघता कामा नये. आणि साखळी इतकी अखंड असावी की निर्दोषपणाच्या समजुतीला वाजवी जागा म्हणून उरू नये. वाचून पाहिले तर यांत नवे फारसे नाही. बरेचसे नागपूरच्या निकालात होतेच. पण विखुरलेली गोष्ट कोणी पाच बोटांवर मोजून दाखवली म्हणजे ती राहते.

या कसोट्यांवर सारडा प्रकरणाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सायनाइड नवऱ्याजवळ होते असे कोणी दाखवू शकले नाही. पत्रांतून छळ दिसत होता, परंतु त्याच पत्रांतून खचलेले, एकाकी पडलेले मनही दिसत होते, आणि असे मन स्वतःचा शेवट करणारच नाही असे कोण म्हणेल? सरकारपक्षाने जे पत्र खुनाचा पुरावा म्हणून पुढे केले तेच आत्महत्येच्या शक्यतेचाही पुरावा ठरले. चौथे शील येथे मोडले. शिवाय काही गोष्टींचा जाब आरोपीला विचारलाच गेला नव्हता; न विचारलेल्या गोष्टीवरून दोषी धरता येत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. बचाव खोटा ठरला तर? तोही साखळीचा आणखी एक दुवा होऊ शकतो, पण साखळी आधी पूर्ण असेल तरच. सरकारपक्षाचा खटला स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. आरोपीच्या खोटेपणाची कुबडी त्याला चालत नाही.

चौकस वाचक येथे विचारील : मग डॉ. लागूंच्या खोटेपणावर एवढा भार का दिला? प्रश्न रास्त आहे, आणि दोन निकालांत अजिबात ताण नाही असे आम्ही म्हणणार नाही. सारडा निकालात विष आरोपीजवळ असल्याचा पुरावा आवश्यक मानला गेला. लागू निकालात त्यावाचून भागले. पुढे १९८८ साली पंजाबच्या भूपिंदरसिंग खटल्यात तेवढा एकच मुद्दा सिद्ध झाला नाही म्हणून दरवेळी आरोपी सुटत नाही, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. आम्हांला फरक दिसतो तो असा. डॉ. लागूंची प्रत्येक कृती, रुग्णालयातल्या खोट्या नावापासून राठोडीच्या पत्रांपर्यंत, एकाच दिशेला जाते; निदान त्या पीठावरील दोघांना तरी दुसरी वाट दिसली नाही. सारडा प्रकरणातल्या गोष्टी दोन्ही दिशांना सारख्याच जातात. आणि जी गोष्ट दोन्हीकडे जाते तिच्या जोरावर एकाही दिशेला फाशीचा दोर टाकता येत नाही.

हे सगळे जुने झाले असे कोणास वाटेल म्हणून अगदी अलीकडचे एक उदाहरण, आणि तेही मुंबईचे. ५ जानेवारी २०१४ च्या पहाटे, सुटी संपवून आंध्रातून परतलेली २३ वर्षांची एक संगणक अभियंता तरुणी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरली आणि नाहीशी झाली. १६ जानेवारीला द्रुतगती महामार्गाजवळ कांजूरमार्ग बाजूस तिचा मृतदेह मिळाला. शहर हादरले. दादरला, परळला, लालबागला पहाटेच्या गाडीने येणारी मुलगी ज्या घरात आहे त्या घरातली झोप त्या महिन्यात उडाली होती. मार्चमध्ये एक इसम पकडला गेला. ऑक्टोबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला फाशी दिली, डिसेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २८ जानेवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती गवई, मिश्रा व विश्वनाथन यांच्या पीठाने सारडा निकालाच्या कसोट्या लावून त्याला मुक्त केले. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

यावेळी दुवा तुटला तो नव्या धातूचा होता. फलाटावरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रफितीत तो त्या मुलीबरोबर दिसतो, हा सरकारपक्षाचा मुख्य आधार. यंत्रातली अशी नोंद पुराव्यात आणावयाची तर पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाचे प्रमाणपत्र लागत असे. नोंद कोणत्या यंत्रातून, कशी काढली, तीत फेरफार नाही, हे जबाबदार माणसाने लेखी सांगावयाचे. असे प्रमाणपत्र सक्तीचेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निक्षून सांगितले. तो निकालही आपल्याकडचाच, जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या तंट्यातला. जुन्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली असली तरी ही अट तीतही राहिली आहे. मुंबईच्या खटल्यात हे प्रमाणपत्रच नव्हते. चित्रफीत बाजूला पडली. आरोपीने तिऱ्हाइताजवळ दिली म्हणून सांगितलेली कबुली विश्वसनीय ठरली नाही, हस्तगत वस्तूंचा पुरावाही टिकला नाही, आणि उरलेल्या दुव्यांत मोठी भगदाडे पडली.

एका कागदापायी खुनी सुटला, असे या निकालावर पुष्कळांनी म्हटले. संताप आम्ही समजू शकतो, पण वाक्य चुकीचे आहे. तो खुनी होता हे ज्यावरून ठरवावयाचे तेच तर ठरले नाही. आणि दोष द्यावयाचा तर जो कागद तपासाच्या वेळी सहज मिळवता आला असता तो कोणी मिळवला नाही, त्याला द्यावा. अकरा वर्षांत तो आणता आला नाही. या अकरा वर्षांपैकी नऊ एक माणूस फाशीच्या छायेत बसून होता.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पुण्याच्या त्या नववधूच्या मृत्यूचा जाब शेवटी कोणालाच द्यावा लागला नाही. कुर्ल्याला उतरलेल्या मुलीच्या आईबापांना अकरा वर्षांनी एवढेच कळले की ज्याला आपण मारेकरी समजत होतो त्याच्याविरुद्ध पुरावा नाही. न्यायालयाचे काम तेथे संपते. तपास मात्र तेथून पुन्हा सुरू व्हावयास हवा, आणि इतक्या वर्षांनी तो होणे फार कठीण. कॅमेऱ्याची फीत पुसलेली असते, साक्षीदारांची स्मृती विटलेली असते, फलाट तेवढा जागच्या जागी असतो.

जी. टी. रुग्णालयावरून आम्ही अधूनमधून जातो. १३ नोव्हेंबर १९५६ च्या त्या सकाळी कागदावर ‘इंदुमती पानशे’ हे नाव लिहिणाऱ्या माणसाने रोगिणीसोबत आलेल्या गृहस्थाला आणखी दोन प्रश्न विचारले असते, तिच्या माणसांना तार कोठे करावयाची एवढे जरी नीट पडताळून घेतले असते, तर शवविच्छेदन दहा दिवस लांबले नसते. मग विष होते की नव्हते हे कदाचित रासायनिक विश्लेषकानेच सांगितले असते, आणि तीन न्यायमूर्तींना माणसाच्या वागणुकीवरून त्याचा अंदाज बांधावा लागला नसता.